क्रोकस लावायचा की स्नोड्रॉप?

बर्फ ओसरताना अंगणात पहिलं फूल कुठलं दिसावं, याचा निर्णय न्यू जर्सीत ऑक्टोबर-नोव्हेंबरातच घ्यावा लागतो. जमीन गोठली की खुरपं चालत नाही. आमच्याकडे दोन्ही आहेत.

रंगाचं म्हणाल तर क्रोकसला तोड नाही. जांभळा, पिवळा, पांढऱ्यावर जांभळ्या रेघा. होळीच्या सुमारास लॉन खुलून दिसतं. काश्मीरमधल्या पांपोरच्या केशराच्याच कुळातला, पण याच्यात केशर शोधू नका, ते फुलतं शरदात. ढगाळ दिवशी मात्र स्वारी मिटून बसते, आणि मार्चमधलं इथलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे.

तेही चाललं असतं. खरी कटकट खारीची. रामाच्या बोटांचे पट्टे नसलेली इथली राखाडी खार नुकती उकरलेली माती बरोबर हेरते. संध्याकाळी गड्डे पुरावेत, तर सकाळी वाफ्यात भोकं आणि शेजारी गड्ड्यांची तपकिरी सालं पडलेली. वरून तारेची जाळी अंथरली तर गड्डे वाचतात. मग वसंतात ससे कोवळी पानं आणि कळ्या कुरतडतात. दरवर्षी ही राखण करायचा मला तरी कंटाळा आला. ‘टॉमी’ नावानं मिळणारा फिकट जांभळा, नाजूक क्रोकस खारी फारसा खात नाहीत म्हणतात, आणि आमच्याकडे तो खरंच बऱ्यापैकी टिकला. क्रोकसच हवा असेल तर तो बघा.

स्नोड्रॉपला खार, ससा, हरीण सहसा तोंड लावत नाहीत. कंदात गॅलँटामाइन असतं, अल्झायमरच्या औषधात वापरतात तेच. कंद खाल्ला तर बाधतो, त्यामुळे घरात रांगतं मूल किंवा कुत्रा असेल तर जपा. रंग एकच, पांढरा. आतल्या पाकळ्यांवरची हिरवी खूण बघायला वाकून फूल उचलावं लागतं, गुडघे दुखत असतील तर अवघडच. पण महाशिवरात्रीच्या आगेमागे तो बर्फातूनही डोकं काढतो, आणि पानगळीच्या झाडाखाली खुशाल पसरतो. शिवाय लॉनमधल्या क्रोकसचा पाला पिवळा पडेपर्यंत गवत कापता येत नाही, ही भानगडही नाही.

पाकिटातले सुके कंद मात्र पुष्कळदा उगवतच नाहीत. ओळखीत कुणाकडे जुना झुपका असेल तर फुलं संपल्यावर हिरव्या पानांसकट मागून आणा आणि त्याच दिवशी लावून टाका.