वीकेंड ट्रिपची सॅक: बाकी सगळं उत्तम, पासपोर्टच्या खिशाची चेन नापास

सॅक घेताना आधी चेन बघा. कापड, लिटर, बाटलीचे खिसे, लॅपटॉपचा कप्पा हे सगळं नंतर. मीही चेन आधी बघितली नव्हती. चेन कशी आहे हे विकणारे लिहितच नाहीत, म्हणून आता मी लिहिते.

मापं सगळ्यांना पाठ असतील: ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर, म्हणजे २४ लिटर. बऱ्याच स्वस्त विमानांत एवढीच पिशवी सीटखाली फुकट जाते, त्यामुळे इकडे जर्मनीत शिकणारी आपली सगळी मुलं हेच माप शोधत असतात. मी ड्रेस्डेनला मास्टर्स करते. हिवाळी सेमिस्टर सुरू होताना ही सॅक ऑनलाइन घेतली, साठ युरोंच्या आसपास. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात. त्यातून खोलीभाडं आणि विमा गेल्यावर साठ युरो म्हणजे माझा दोन आठवड्यांचा किराणा होतो. एवढे पैसे मोजले ते एकाच हिशोबाने: आता दोन वर्षं दुसरी बॅग घ्यायची नाही.

पहिले काही महिने मी सॅकचं कौतुकच करत होते. गोर्लिट्झला गेले, तिथून पुलावरून चालत पोलंडमध्ये उतरले. व्रोत्स्वाफला एक मुक्काम केला. सॅक भरली तरी खांदे दुखत नाहीत. पट्ट्या रुंद आहेत, छातीवरचं बकल खालीवर सरकतं, त्यामुळे माझ्यासारख्या कमी उंचीच्या मुलीला ती नीट बसते. तळाशी वेगळा कप्पा आहे. त्यात स्टीलचा डबा आडवा न होता उभा राहतो. मेथीचे पराठे आणि लोणचं घेऊन निघणाऱ्याला याचं मोल कळेल. आजवर तेलाचा एक डागही कपड्यांना लागलेला नाही.

तेव्हा मी विचारणाऱ्या प्रत्येकाला हीच सॅक घ्या म्हणून सांगत होते. मग एप्रिलमध्ये प्राग झालं.

मैत्रीण लाइपझिशला शिकते. मूळची नागपूरची, आमची ओळख भाषेच्या क्लासमधली. शनिवार-रविवार प्राग असं ठरलं. जाताना आम्ही स्वस्तातला रस्ता धरला: विद्यार्थ्यांच्या सेमिस्टर तिकिटावर एस-१ लोकलने सीमेजवळचं बाड शांडाऊ, तिथून सीमेपलीकडे चेकमध्ये जाणारी छोटी यू-२८ गाडी पकडून देचीन, आणि देचीनहून चेक गाडीने प्राग. सीमेपुढचं तिकीट तेवढं वेगळं काढावं लागतं. थेट एक्स्प्रेसला अडीच तासांच्या आत-बाहेर लागतात, या रस्त्याला त्याहून बरेच जास्त. पण एल्बे नदीच्या काठाकाठाने, कोनिगस्टाइनच्या किल्ल्याखालून गाडी जाते. घाई नसेल तर हाच रस्ता घ्या.

या ट्रिपला सॅकची खरी परीक्षा झाली. वीकेंडच्या ट्रिपमध्ये बॅग खोलीवर ठेवून फिरायला मिळत नाही. आम्ही सकाळी पोचलो, हॉस्टेलची खोली दुपारनंतर. दुसऱ्या दिवशी दहाला खोली सोडायची, गाडी संध्याकाळची. म्हणजे दोन्ही दिवस बॅग सोबत, नाहीतर लॉकरला पैसे. मैत्रिणीकडे छोटी ट्रॉली होती. प्रागच्या जुन्या भागात फुटपाथवर बोटभर लांबीचे चौकोनी दगड बसवलेले आहेत, रस्त्यांवर त्याहून मोठे. त्या दगडांवर ट्रॉलीची चाकं चालत नाहीत, आदळतात. स्टेशनपासून वेन्सेस्लास चौकात येईपर्यंत तिचा हात भरून आला. मी मात्र मोकळ्या हातांनी चालत होते.

त्या चौकात बाटाचं १९२९ सालचं काचेच्या दर्शनी भागाचं दुकान आहे. शाळेचे काळे बूट ज्या कंपनीचे घातले ती मूळची इथली, हे दोघींना माहीत होतं, तरी समोर उभं राहून बघताना फार आनंद झाला. पुढे चार्ल्स पूल. १३५७ मध्ये बांधायला घेतलेला, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. मग किल्ल्याच्या पायऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी पेट्रिन टेकडीवरचा १८९१ चा लोखंडी मनोरा. मनोऱ्याच्या २९९ पायऱ्या मी सॅक पाठीवर घेऊन चढले आणि उतरले. मैत्रीण ट्रॉली घेऊन खाली बाकावर बसली. मी उतरल्यावर तिची ट्रॉली सांभाळायची वेळच आली नाही, कारण तोवर तिला वर जायची इच्छाच राहिली नव्हती. ट्रॉली विरुद्ध सॅक हा वाद माझ्यापुरता तिथे मिटला.

पैशांची एक गोष्ट सांगते, ती पुढे कामाला येणार आहे. चेकमध्ये युरो नाही, कोरुना चालतो. मैत्रिणीने जुन्या शहरातल्या एका पैसे बदलून देणाऱ्या खिडकीवर पन्नास युरो बदलले. पावती बघितली तर दर अगदी पडेल होता. मी म्हटलं, गेले पैसे. ती म्हणाली, "थांब, इथे कायदा आहे." खरंच आहे. एप्रिल २०१९ पासून चेकमध्ये अशा दुकानात बदललेले पैसे, एक हजार युरोंपर्यंतची रक्कम असेल तर, तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करून परत मागता येतात. ती पावती घेऊन परत गेली, शांतपणे "रद्द करायचं आहे" म्हणाली, आणि पन्नास युरोंची नोट घेऊन आली. आवाज चढवला नाही, विनवण्या केल्या नाहीत. मला ते फार आवडलं. जेवायला तळलेलं चीज आणि बटाटे मिळाले. शाकाहाऱ्यांनी स्माझेनी सीर हे नाव लक्षात ठेवावं, बहुतेक साध्या चेक खाणावळींत मिळतं.

आता चेन.

सॅकच्या पाठीकडच्या बाजूला, अंगाला चिकटून राहील असा एक चपटा खिसा आहे. विकताना त्याच्यावर पासपोर्टचं चित्र छापलेलं होतं आणि 'चोरांपासून सुरक्षित' असं लिहिलेलं होतं. कल्पना चांगलीच आहे. प्रागच्या घड्याळासमोर दर तासाला गर्दी जमते, तिथे पुढच्या खिशात पासपोर्ट ठेवून कोण उभं राहील? मी पासपोर्ट आणि जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड दोन्ही त्याच खिशात ठेवले होते. शेंगेनमध्ये, म्हणजे एरवी आपसांत सीमेवर तपासणी न करणाऱ्या युरोपातल्या देशांत, फिरताना आपल्याला दोन्ही जवळ लागतात, नुसतं कार्ड चालत नाही.

परतीला आम्ही थेट एक्स्प्रेस घेतली होती. जर्मनीने चेक सीमेवर ऑक्टोबर २०२३ पासून तपासणी पुन्हा सुरू केली आणि सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर. बाड शांडाऊच्या आसपास पोलीस डब्यात चढले. मैत्रिणीने ट्रॉलीच्या बाहेरच्या खिशातून पासपोर्ट काढून हातात धरला. मी सॅक मांडीवर घेतली, चेन ओढली, आणि ती अर्ध्या वाटेत अडकली.

खिशाच्या आतलं अस्तर चेनला अगदी लागून शिवलेलं आहे आणि त्याचा कडेचा पट्टा बोटभर सैल सोडलेला आहे. दिवसभर पाठीच्या दाबाने आणि घामाने तो पट्टा चेनच्या दातांवर येऊन बसतो. चेन ओढली की रनर, म्हणजे चेनवरचा सरकणारा तुकडा, अस्तराची घडी तोंडात घेतो. मग पुढे जात नाही, मागे येत नाही. त्यात ही पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी थर दिलेली चेन, मुळातच कडक, आणि खिशाचा कोपरा गोल. त्या गोलाईवरच ती अडली. दोन बोटं आत जात होती. पासपोर्टची कड लागत होती, पण पासपोर्ट बाहेर येत नव्हता.

"अगं ओढू नकोस, तुटेल," मैत्रीण म्हणाली. तिने पर्समधून भुवयांचा चिमटा काढला आणि अस्तर एकेक धागा मागे खेचायला लागली. पोलीस बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, पुढच्या रांगा बघून येते, तोवर काढा. त्या डबा संपवून परत आल्या तेव्हा रनर एका बाजूने दातांवरून निसटला होता, चेन मागून उघडली होती, आणि त्या फटीतून मी पासपोर्ट ओढून काढला. कार्डही मिळालं. त्यांनी बघितलं, आभार मानले, गेल्या. मला मात्र ड्रेस्डेन येईपर्यंत घाम फुटलेला होता. परदेशात आपल्या नावाचा एवढा एकच कागद असतो, आणि तो ठेवायला म्हणून दिलेला खिसा ऐन वेळी उघडत नाही. यात काहीही किरकोळ नाही.

घरी येऊन विक्रेत्याला फोटोंसकट मेल केला. उत्तर आलं: वापरामुळे झालेली झीज आहे, उत्पादकाशी बोला. उत्पादकाने मला परत विक्रेत्याकडे पाठवलं. इथे मला प्रागची ती खिडकी आठवली आणि मी जर्मन कायदा वाचायला बसले. इथे शिकणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे म्हणून नीट सांगते. वस्तू नवीन घेतली तर दोषाची जबाबदारी दोन वर्षं विक्रेत्यावर असते, उत्पादकावर नाही. कंपनीची गॅरंटी हा वेगळा, ऐच्छिक प्रकार आहे. पहिल्या १२ महिन्यांत दोष दिसला तर तो सुरुवातीपासूनच होता असं धरलं जातं, आणि नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं असतं. २०२२ च्या आधी ही मुदत सहाच महिने होती. दुरुस्ती हवी की बदली वस्तू हे ग्राहक निवडतो, आणि त्याचा खर्च, पाठवण्याचा धरून, विक्रेत्याचा. साधी झीज मात्र यात येत नाही, म्हणून मुद्दा झिजेचा नाही हे दाखवणं गरजेचं. मी अस्तराचा सैल पट्टा मोजपट्टी लावून फोटोत दाखवला आणि चेनचे दात शाबूत आहेत हेही दाखवलं.

ग्राहक सल्ला केंद्राच्या म्हणजे फेरब्राउखरत्सेंट्रालेच्या नमुना पत्रावरून पत्र लिहिलं. खरेदीची तारीख, दोष, दुरुस्तीची मागणी, दोन आठवड्यांची मुदत. एक विशेषण नाही. मुदत संपायच्या आत उत्तर आलं: बदली सॅक पाठवतो, किंवा जवळपास दुरुस्त करून घ्या, पावतीप्रमाणे पैसे देतो.

मी दुरुस्ती घेतली. बदली सॅकमध्ये तेच अस्तर आणि तीच चेन आली असती, आणि ही सॅक माझ्या पाठीला बसलेली आहे.

माझ्या घराजवळ एका व्हिएतनामी काकूंचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्व जर्मनीच्या काळात व्हिएतनाममधून पुष्कळ लोक इथे कामाला आले होते, आणि या भागात अशी दुकानं आजही बरीच दिसतात. काकूंनी चेन दोनदा पुढेमागे केली, अस्तर बोटाने दाबून बघितलं आणि लगेच दोष सांगितला. रनर बदलला. जुन्याचे ओठ पसरले होते, दात दाबून बसवायची त्याची ताकदच गेली होती. अस्तराचा सैल पट्टा दुमडून, चेनपासून लांब, मशीनवर एक सरळ शिलाई मारली. चेनवर मेणाचा तुकडा फिरवला. बारा युरो घेतले, ते विक्रेत्याने परत दिले.

एका शिलाईचं काम होतं. कारखान्यात ती शिलाई मारायला काही सेंट लागले असते. साठ युरोंच्या वस्तूत ते वाचवले, याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून मत बदललं ते असं: त्या रविवारी गाडीत मी या सॅकला शून्य दिलं असतं. दुरुस्तीनंतरचे महिने धरून पाचपैकी चार देते. कापड एकदाही उसवलं नाही, पट्ट्या तशाच आहेत, मुसळधार पावसात लॅपटॉप कोरडा राहिला. उरलेला एक मी देणार नाही, कारण तो काकूंचा आहे.

ज्यांच्याकडे हीच सॅक आहे त्यांनी आजच तो खिसा उघडून अस्तराची कड बघा. बोटाने ती दातांपर्यंत पोचत असेल तर अडकणारच. घरी सुईदोरा असेल तर हातशिलाईनेही भागतं. रनर सैल वाटला तर पक्कडीने त्याच्या मागच्या दोन्ही कडा हलकेच दाबा. जोरात दाबलंत तर रनर तुटतो. बिलाची पीडीएफ जपून ठेवा.

मैत्रिणीने ट्रॉली विकून हीच सॅक मागवली आहे. पुढच्या महिन्यात व्हिएन्नाला जायचं ठरतंय. सॅक आली की ती आधी ड्रेस्डेनला येणार आहे, काकूंकडे अस्तर शिवून घ्यायला.