ऑनलाइन सीईयू सबस्क्रिप्शन वर्षभर वापरून: एथिक्सचे कोर्स भारी, पण तो पॉपअप डोक्यात जातो

आधी आकडा सांगते म्हणजे माझा सूर का असा आहे ते कळेल. एनसीआरए ही आम्हा कोर्ट रिपोर्टरांची अमेरिकेतली संघटना, तिला तीन वर्षांच्या सायकलमध्ये ३.० सीईयू (सतत शिक्षणाची युनिटं) लागतात म्हणजे ३० तास, सायकल संपते ३० सप्टेंबरला, आणि ऑगस्ट संपत आला तेव्हा माझ्या खात्यावर दिसत होते २.९५. अर्धा तास कमी. तो अर्धा तास मी बघितलाय, नोट्स काढून बघितलाय, आणि तरी या कोर्सच्या साइटने तो एका चार अक्षरी कोडपायी गिळला. साइटचं नाव लिहीत नाही, भांडण अजून ताजं आहे.

माझ्याबद्दल एवढंच की मी कॅलिफोर्नियात बे एरियात फ्रीलान्स डेपो करते, म्हणजे कोर्टाबाहेर वकील घेतात त्या शपथेवरच्या साक्षी शब्द न शब्द लिहून घेते, पेटंट आणि एम्प्लॉयमेंटच्या केसेस जास्त. आता गंमत बघा, कॅलिफोर्नियाचं लायसन टिकवायला सीईचा एक तासही लागत नाही, फी भरली की झालं. लायसन मिळवताना मात्र चार आवाजांची साक्ष २०० शब्द मिनिटाला आणि ९७.५ टक्के अचूक घेऊन दाखवावी लागते, जीव जातो, पण एकदा मिळालं की पुढे तुम्ही काही शिकता की नाही हे कोणी विचारत नाही. तास मोजते ती एनसीआरए, आणि तेही तुमच्याकडे त्यांचं आरपीआर वगैरे सर्टिफिकेट असेल तर. म्हणून इथल्या काही जणी सरळ म्हणतात कशाला ठेवतेस ते आरपीआर, मेंबरशिप भरा, तास भरा. मी ठेवलंय कारण त्या परीक्षेतल्या २२५ शब्द मिनिटाच्या भागाला मी जे रडलेय ते फुकट घालवायची माझी तयारी नाही.

सबस्क्रिप्शन घेतलं ते निव्वळ काटकसरीपोटी. कन्व्हेन्शनला गेलं की तास पटकन होतात पण विमान, हॉटेल, आणि त्या दिवसांत बुडालेले जॉब धरले तर एका सीईयूचा भाव सोन्याला लागतो. इथे वर्षाचे एकदाच पैसे, हवं तेव्हा बघा, भाजी फोडणीला टाकून बघा असं मला वाटलं होतं.

तर तो पॉपअप. व्हिडिओ चालू असताना मधेच कोपऱ्यात एक कोड येतो, फिकट निळ्यावर करडी अक्षरं, आणि साधारण अर्ध्या मिनिटात तो खालच्या चौकोनात टाइप करायचा. तुम्ही समोर बसलेले आहात हे सिद्ध करायला. ठीक आहे, मान्य, लोक व्हिडिओ लावून झोपतात. पण मी नोट्स काढते त्या स्टेनो मशीनवर, सवयच आहे, ऐकलं की बोटं चालतात, प्रॅक्टिसही होते. आता मशीनवर अख्खे शब्द एका फटक्यात उमटतात, तिथून 'क्यू-झेड-सात-ओ' असं काहीतरी लिहायचं म्हणजे एकेक अक्षर सुटं फिंगरस्पेल करा, नाहीतर मशीन सोडा, लॅपटॉप पुढे ओढा, माउस शोधा, चौकोनात क्लिक करा, आणि मग ठरवा की ते ओ आहे का शून्य. चुकलं की कोड गेला, दुसरी संधी नाही, तो सेगमेंट अपूर्ण. बरं पूर्ण कोर्स परत बघून भरपाई करू म्हटलं तर 'हा कोर्स तुम्ही आधीच घेतला आहे'. जिचा धंदाच तासन्‌तास एक शब्द न सोडता ऐकणं हा आहे तिला हे विचारतात बाई जागी आहेस का!

माझ्या घरचे म्हणतात जाऊ दे गं एवढं काय त्यात. पण एवढंच आहे त्यात. बाकी तक्रारी किरकोळ आहेत, आवाज कधी बारीक कधी मोठा, सर्च भंगार, मोबाइलवर व्हिडिओ आडवा होत नाही, सोडून देते.

सपोर्टशी जे चॅट झालं ते मी जसंच्या तसं ठेवलंय, सवयीने फॉरमॅटही आपलाच पडला, साक्षीच्या ट्रान्सक्रिप्टचा. इंग्रजीत झालं होतं, इथे मराठीत देते:

प्र. कोर्स ०.२ चा आहे, सर्टिफिकेटवर ०.१५ आलंय.
उ. संपर्क केल्याबद्दल धन्यवाद! आपण कोर्स पूर्ण केला आहे का?
प्र. हो. शेवटच्या सेगमेंटचा कोड वाचता आला नाही.
उ. उत्तम! मग आपण सर्टिफिकेट डाउनलोड करू शकता.
प्र. केलंय. त्यावर ०.१५ आहे.
उ. आपल्या प्रश्नाचं निरसन झालं का?

याला वकील 'नॉन-रिस्पॉन्सिव्ह, मूव्ह टु स्ट्राइक' म्हणतात, म्हणजे हे प्रश्नाचं उत्तरच नाही, रेकॉर्डमधून काढा. मी नुसती दात ओठ खात बसले.

आता एवढी शिव्याशाप देणारी बाई सबस्क्रिप्शन बंद का करत नाही, तर एथिक्सची मालिका. मला वाटलं होतं तेच ते, निःपक्षपाती राहा, गुप्तता पाळा, भेटवस्तू घेऊ नका, टाळ्या. पण शिकवणारी बाई स्वतः कित्येक वर्षं डेपो करून बसलेली आहे आणि ती नियम वाचून दाखवत नाही, ती प्रसंग टाकते आणि गप्प बसते.

एक प्रसंग सांगते. डेपोमध्ये ब्रेक झाला, आपण ऑफ द रेकॉर्ड गेलो, आपण पाणी प्यायला उठलो. मशीन थांबलं पण सॉफ्टवेअरमधलं बॅकअप ऑडिओ चालूच राहिलं. टेबलापलीकडे वकील आणि त्याचा क्लायंट हळू आवाजात बोलतायत, माइक सगळं घेतोय. आपल्याला पत्ताही नाही. चार दिवसांनी स्कोपिस्टचा, म्हणजे आपलं ट्रान्सक्रिप्ट साफ करून देणारीचा, मेसेज येतो, अगं ब्रेकमधलं बोलणं आलंय त्यात, फार इंटरेस्टिंग आहे. आता काय? पुसून टाकायचं आणि तोंड बंद? त्या वकिलाला कळवायचं? दोन्ही बाजूंना? आणि स्कोपिस्टने ऐकलं त्याचं काय, ती तर दुसऱ्या राज्यात बसलीय आणि तिच्याशी आपला कागदावर काही करारच नाही. मी श्वास रोखून बसले होते, बाई उत्तराकडे वळल्या, आणि बरोब्बर तेव्हा, बरोब्बर, कोपऱ्यात फिकट निळं.

(कोड टाकला. उत्तर हुकलं. मागे जाऊन ऐकलं. तिचं म्हणणं असं की पहिली गोष्ट पुढचं ऐकणं थांबवा, कोणालाही पाठवू नका, आणि त्याहून आधी सवय लावा की 'ऑफ द रेकॉर्ड' म्हटलं की हात आधी ऑडिओवर जाईल मग पाण्याच्या बाटलीकडे. स्कोपिस्ट आणि प्रूफरीडरकडून गुप्ततेची सही घेऊन ठेवा. मी त्याच आठवड्यात घेतली.)

भेटवस्तूंचा भागही कामाचा निघाला. एनसीआरएच्या गाइडलाइनमध्ये वकील किंवा त्याच्या स्टाफला एका माणसामागे वर्षाला १५० डॉलरपर्यंतचं चालतं. कॅलिफोर्नियाच्या नियमात मर्यादा १०० आहे आणि त्यात दिलेलं आणि घेतलेलं दोन्ही मिळून मोजायचं. म्हणजे दिवाळीला लॉ फर्मच्या पॅरालीगलला मिठाईचा मोठा बॉक्स, ख्रिसमसला बास्केट, आणि तिच्याकडून आलेलं गिफ्ट कार्ड, झाली बेरीज. आणि आपलं लायसन कॅलिफोर्नियाचं असल्यावर १५० बघून हरखायचं नाही. रिपोर्टर पुरवणारे एजन्सीवाले वकिलांकडच्या बुकिंग करणाऱ्या स्टाफला पॉइंट देतात त्या स्कीमवरही बाई चांगल्या बोलल्या, नाव कोणाचं न घेता. कोणी म्हणेल मिठाईने काय निकाल बदलतो का. नाही बदलत, पण समोरच्या पार्टीला जर दिसलं की रेकॉर्ड लिहिणारीच्या गोड पदार्थांवर त्यांची ऑफिस मॅनेजर खूश आहे तर उद्या ट्रान्सक्रिप्टमधल्या एका स्वल्पविरामावरूनही संशय येणार.

लिफ्टमधला प्रश्नही होता. डेपो संपला की वकील लिफ्टमध्ये विचारतो, काय वाटला माझा साक्षीदार? हे सगळ्यांना विचारतात, सगळ्या हसून वेळ मारून नेतात. मला हे नुसतं शिष्टाचाराचं वाटायचं. पण कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल प्रोसिजर कोडात कलम २०२५.३२० मध्ये चक्क लिहिलंय की साक्षीदाराच्या किंवा वकिलाच्या वागण्याबोलण्यावरच्या आपल्या टिप्पण्या कुठल्याही पार्टीला द्यायच्या नाहीत. आता मला लिफ्टमध्ये हसावंही लागत नाही, सरळ सांगते कायदा आहे बाबा. फार सुटसुटीत झालंय.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते इंटरप्रिटरवाल्या भागाने, आणि आपल्या लोकांना हे लागू होतं म्हणून जरा लांब लिहिते. प्रसंग असा की रिपोर्टरला स्पॅनिश येतं, साक्षीदार स्पॅनिशमध्ये बोलतोय, इंटरप्रिटरने उत्तराचा अर्धा भाग गाळला. रिपोर्टरने काय करावं? बाई म्हणाल्या काही नाही. रेकॉर्ड इंग्रजीचं आहे, भाषांतराची शपथ इंटरप्रिटरने घेतलीय, तुम्ही नाही. तोंड वाकडंही करायचं नाही. माझं डोकं फिरलं, कारण माझ्यावर हे आलेलं आहे. साक्षीदार मराठी होते, एवढंच सांगते, केसबद्दल याहून जास्त लिहिता येत नाही. उत्तराची शेपटी गळत होती आणि मला कानाला कळत होतं आणि बोटं इंग्रजी लिहीत होती. मी कोर्सच्या फीडबॅकमध्ये लिहिलं की हे अमानुष आहे.

मग काही महिन्यांनी तोच भाग परत ऐकला (परत ऐकता येतो, फक्त तास मिळत नाहीत) आणि मत बदललं. मराठी साक्षीदाराचं मी दुरुस्त केलं तर पुढच्या आठवड्यातल्या कोरियन साक्षीदाराचं कोण करणार? त्याचा दोष एवढाच की त्याला माझ्यासारखी रिपोर्टर मिळाली नाही. म्हणजे मी एकाला जास्त दिलं आणि दुसऱ्याला कमी, आणि आमच्या आचारसंहितेची पहिली ओळच सगळ्यांशी सारखं वागा ही आहे. शिवाय दुसऱ्या वाटा आहेत, वकील भाषांतर तपासायला स्वतःचा चेक इंटरप्रिटर आणू शकतो, आणि साक्षीदाराला ट्रान्सक्रिप्ट वाचून उत्तर बदलायला ३० दिवस मिळतात. त्रास व्हायचा तो होतोच. पण पटलं.

एआयचा एक मॉड्यूल आहे, तो सुमार. भीती घालणं जास्त. क्लायंटची ट्रान्सक्रिप्ट सारांशासाठी कुठल्या तरी चॅटबॉटमध्ये टाकू नका एवढं एक वाक्य कामाचं, ते मीही सांगितलं असतं. गावाकडे, भारतात, तर आपलं सगळंच वेगळं, जिल्हा कोर्टात कितीदा तरी जजसाहेब साक्ष स्वतःच्या शब्दांत डिक्टेट करतात आणि स्टेनो ते घेतो, प्रश्नोत्तरं जशीच्या तशी असा प्रकार क्वचित, आणि त्याच देशात सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीपासून एआयने लाइव्ह ट्रान्सक्रिप्ट सुरू केलं. मधली पायरीच गायब. यावर कोणीतरी कोर्स काढा, मी पैसे देते. शंभराच्या आत.

हां, लॉगिनचं राहिलं. एक मैत्रीण म्हणाली लॉगिन दे, अर्धे पैसे देते, दोघी बघू. एथिक्सचा कोर्स. उसन्या लॉगिनवर. मी नाही म्हटलं पण तिचा तर्क ऐकून हसू आलं, ती म्हणाली तुझ्या वाटचे पॉपअप मी टाइप करीन.

*हे इथवर लिहून ठेवलं होतं, आता पुढचं.* चॅटला कंटाळून मी बिलिंगच्या पत्त्यावर मेल टाकला, चॅटची वरची प्रश्नोत्तरं ट्रान्सक्रिप्टसारखी ओळींच्या नंबरासकट जोडून. दुसऱ्या दिवशी फोन आला, खरा माणूस, एक बाई, आणि तिने पाच मिनिटांत ०.०५ दिलं. म्हणाली ओळ नंबर बघून ऑफिसात सगळे हसले. कोडची वेळ वाढवतोय असंही म्हणाली. वाढवली, खरंच, आता जवळपास मिनिट मिळतं. रंग मात्र तोच. करडा. मी विचारलं तर म्हणे ब्रँडचे रंग आहेत. त्यामुळे सपोर्टला शून्य देणार होते ते पाचपैकी तीन, चॅटबॉटला शून्यच.

घ्यायचं का? फक्त तास भरायचे असतील तर आधी तुमच्या राज्याची असोसिएशन काय देते ते बघा, स्वस्त पडू शकतं. एथिक्सची मालिका बघायची असेल तर घ्या, ती बाई जोवर शिकवतेय तोवर पैसे वसूल आहेत. कोर्स सुरू करण्याआधी त्याला एनसीआरएची मान्यता आहे का ते त्याच पानावर खाली बारीक अक्षरात असतं, ते वाचा, सगळ्या कोर्सना नसते. नोट्स मशीनवर काढत असाल तर साधा कीबोर्ड डाव्या बाजूला उघडा ठेवून बसा आणि स्क्रीनचा ब्राइटनेस वाढवा. ऑटो-रिन्यू पहिल्याच दिवशी बंद करा, ते 'बिलिंग'मध्ये नाही, 'प्रोफाइल'मध्ये सगळ्यात खाली आहे, आणि बंद केल्यावर 'खरंच?' असं तीनदा विचारतात. तिथे कोड मात्र मागत नाहीत.