इन फ्लेम्सची 'द जेस्टर रेस': मेटल म्हणजे नुसती आरडाओरड वाटते त्यांनी ऐकाच

स्वीडिश बँड इन फ्लेम्सच्या या अल्बमची एलपी मागवली होती, आली एकदाची, आणि तेव्हापासून रोज रात्री लावतोय, म्हणून रिव्ह्यू लिहितोच. मेलोडिक डेथ मेटल, म्हणजे गुरगुरता आवाज आणि त्यावर गिटारची सुरेल धून, कुठून सुरू करू असं इथे मुंबईतली पोरं सारखं विचारतात, तर माझं उत्तर हेच, १९९६ चा हा अल्बम.

हा सगळा प्रकार स्वीडनच्या गोथेनबर्गचा, नव्वदीच्या सुरुवातीचा. तिकडे स्टॉकहोममध्ये एंटूम्ड वगैरे बँड बॉस कंपनीच्या एचएम-टू पेडलची (गिटारचा आवाज खरखरीत करणारा डबा) सगळी बटणं फुल करून तो यांत्रिक करवतीसारखा कर्कश चेनसॉ टोन काढत होते. गोथेनबर्गवाल्यांनी, म्हणजे अ‍ॅट द गेट्स, डार्क ट्रँक्विलिटी आणि हे इन फ्लेम्स, डेथ मेटलची गुरगुर ठेवली पण गिटार ब्रिटिश हेवी मेटल बँड आयर्न मेडनच्या वळणाची घेतली आणि त्यात तिकडच्या लोकसंगीताचा रंग मिसळला. २००८ ला बीकेसीत मेडनला लाइव्ह ऐकलंय त्यांना दोन गिटारची ती जोडी लगेच ओळखू येईल.

यातलं 'मूनशील्ड' हे गाणं अकूस्टिक गिटारवर सुरू होतं, शांत, मग डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा तो खरखरीत आवाज, येतं. इथे नीट कान द्या, एक गिटार सा वर असली की दुसरी ग वर, दोघी एकाच चालीने वरखाली जातात, पेटी शिकलेल्या कोणालाही हा षड्ज-गंधार भाव पटकन कळेल. गिटार सी ट्यूनिंगला, नेहमीपेक्षा चार सेमिटोन (पेटीच्या चार पट्ट्या) खाली, त्यामुळे खालच्या तारांचं वजन पोटात जाणवतं आणि वर धून मोकळी फिरते. गायक अँडर्स फ्रिडेनच्या आवाजात चाल नाहीच, गाणं म्हणतात ते गिटारच, आणि हे एकदा डोक्यात बसलं ना की ओरडणं खुपत नाही. बाय द वे, हा फ्रिडेन आधी डार्क ट्रँक्विलिटीत गायचा आणि इन फ्लेम्सच्या पहिल्या अल्बमवर डार्क ट्रँक्विलिटीचा मिकाएल स्टाने गायलाय, एवढं छोटं वर्तुळ होतं ते!

रेकॉर्डिंग निर्माता फ्रेड्रिक नॉर्डस्ट्रॉमच्या स्टुडिओ फ्रेडमनमधलं. बास मला अजून पुढे हवा होता. फास्ट लोकलमध्ये इअरफोनवर ऐकू नका, खडखडाटात दुसरी गिटार गायबच होते, रात्री घरी स्पीकरवर लावा. कुरिअरवाल्याने कव्हरचा कोपरा दुमडून आणला त्याचं वाईट वाटलं, रेकॉर्डला मात्र ओरखडा नाही. हे आवडलं तर पुढे डार्क ट्रँक्विलिटीचा 'द गॅलरी' घ्या, १९९५ चा, त्यात गिटारची गुंतागुंत अजून जास्त आहे.