व्हेराक्रिप्ट: लॅपटॉप गेला तर गेला, फायली नकोत जायला

पहिलंच सांगतो, व्हेराक्रिप्ट म्हणजे डिस्कवरच्या फायली पासवर्डने कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि काम चोख करतं, पण लाडात वाढलेलं नाही, स्क्रीनवर सगळं रुक्ष आणि पासवर्ड विसरलात तर कुणी वाली नाही. माझ्याकडून पाचपैकी चार.

मी चिपळूणला जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करतो, क्लायंट गुहागर, दापोलीपर्यंत पसरलेले, आंबेवाले, काजूवाले, दोन-चार होमस्टेवाले. सगळ्यांची पॅन, आधार, बँक स्टेटमेंटं लॅपटॉपवर आणि लॅपटॉप पाठीवर, एसटीत नाहीतर मांडवीच्या जनरल डब्यात. मोबाईल चोरीला गेला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर जाऊन आयएमईआय, म्हणजे मोबाईलचा ओळख क्रमांक, ब्लॉक करता येतो, लॅपटॉपला तसलं काहीच नाही. तक्रार द्यायची आणि वाट बघायची.

आता बरेच जण म्हणतात की विंडोजला पासवर्ड आहे ना, मग झालं की. आमच्या इथल्या रिपेअरिंगवाल्या पोराने मला समोर बसवून दाखवलं. "दादा, पासवर्ड सांगूच नका", म्हणाला, लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला, लॅपटॉप त्याच्यावरून चालू केला, विंडोजला उठवलंच नाही, सरळ डेस्कटॉपचं फोल्डर उघडलं आणि एका क्लायंटचं रिटर्न पीडीएफमध्ये माझ्यासमोर. चहा यायच्या आत. कारण तो पासवर्ड फक्त विंडोजच्या दाराला असतो, डिस्कवरचा माल उघडाच पडलेला असतो.

माझ्या मशीनवर विंडोज होम, त्यात पूर्ण बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं डिस्क-कुलूप, येत नाही, म्हणून व्हेराक्रिप्ट. याच कामाचं जुनं ट्रूक्रिप्ट आठवत असेल, ते 2014 च्या मे महिन्यात बंद पडलं, त्याच्याच कोडवरून हे 2013 पासून चालू आहे.

यात दोन मार्ग. एक म्हणजे कुलूपबंद डबा, एक मोठी फाईल बनवायची आणि महत्त्वाचं तेवढं तिच्यात ठेवायचं. सोपा आहे पण मला पटला नाही, कारण आपण डब्यात टाकतो ती एक प्रत, बाकी डाउनलोड्समध्ये दुसरी, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली तिसरी, वर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आहेतच, ते सगळं डब्याबाहेर. म्हणून दुसरा मार्ग, विंडोज असलेला पूर्ण सिस्टिम ड्राइव्हच एन्क्रिप्ट केला, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा केला. आधी बॅकअप घ्या, हे मस्करीत घेऊ नका. सुरुवात करण्याआधी ते एक चाचणी घेतं, मशीन रिस्टार्ट करून पासवर्ड विचारतं, जमलं तरच पुढे जातं. मग डिस्क एन्क्रिप्ट व्हायला वेळ लागतो, मी रात्री चार्जरला लावून सोडलं. मध्येच थांबवून नंतर पुढे चालू करता येतं, आमच्याकडे पावसात लाईटचा भरवसा नाही म्हणून हे मला फार आवडलं.

आता रोज चालू करताना काळा स्क्रीन, पासवर्ड, मग पीआयएम, म्हणजे पासवर्डची तपासणी किती जड ठेवायची तो आकडा, विचारतं, तिथे काही बदललं नसेल तर नुसतं एंटर मारायचं आणि थोडं थांबायचं, चोराने हजारो पासवर्ड भराभर मारून बघू नयेत म्हणून तपासणी मुद्दाम जड ठेवलेली आहे. इथे देवनागरी पासवर्ड चालत नाही, इंग्रजी कीबोर्डच. मी घरातलं एक लांबलचक वाक्य रोमन अक्षरांत ठेवलंय, वीस अक्षरांच्या वर, बोटांना सवय झाली की काही वाटत नाही. स्पीड म्हणाल तर एक्सेल, टॅली, पोर्टल यात फरक कळत नाही, मोठे व्हिडिओ कॉपी करताना मात्र कळतो.

सगळ्यात मोठी गोम झाकणाची आहे. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि झोपलेल्या लॅपटॉपच्या रॅममध्ये डिस्क उघडायची किल्ली तशीच असते, म्हणजे तसाच चोरीला गेला तर एवढा खटाटोप कमजोर पडला. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण मिटल्यावर हायबरनेट होईल, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद होईल, असं करून टाका. प्रवासात शटडाऊनच उत्तम.

लॅपटॉप सुरूच झाला नाही तर लागणारी रेस्क्यू डिस्क बनवायला सांगतं, आळस करू नका. माझा तो पेन ड्राइव्ह बहिणीकडे देवरुखला आहे, 22 जुलै 2021 चा पूर बघितलेला चिपळूणकर असल्या वस्तू बाजारपेठेतल्या तळमजल्यावर ठेवत नाही. आणि त्याच्या भरवशावर पासवर्ड विसरू नका, तो लॅपटॉप सुरू होण्यातला बिघाड दुरुस्त करतो, पासवर्ड सांगत नाही.

नवीन विंडोज 11 लॅपटॉप घेतला असेल तर आधी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडून डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे विंडोजमधलंच डिस्क-कुलूप, चालू आहे का बघा. विंडोज होम असलं तरी बऱ्याच मशीनवर ते असतं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडलं की आपोआप लागलेलं असतं. असेल तर व्हेराक्रिप्टच्या नादी लागायचं कारण नाही, फक्त त्याची 48 आकडी रिकव्हरी की अकाउंटमधून काढून कागदावर प्रिंट करा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका म्हणजे मिळवलं.