व्हिनेगरचा वास आला तेव्हाच थांबायला हवं होतं

१,३७० डॉलर. त्यातले ३०० आगाऊ, कार्डावर. उरलेले १,०७० रोख. एवढ्यात माझ्या १९७४ च्या कॉर्व्हेटच्या, म्हणजे फायबरग्लासच्या बॉडीच्या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या, हूडखाली (आपण बॉनेट म्हणतो तेच) काय झालं? सिलिकॉनची एक नळी पिळली, सहा स्क्रू मारले आणि वरून काळा स्प्रे उडवला. बस्स.

दुखणं मुळात किरकोळ होतं. फायबरग्लासच्या हूडला आतून जी ब्रेस (आधाराची चौकट) चिकटवलेली असते, तिचा पन्नास वर्षांचा जुना गोंद इंजिनाच्या उष्णतेने कडक होतो आणि हूड आपटून आपटून सुटायला लागतो. मग हायवेवर हूड फडफडतं, खड्ड्यात खटखटतं. नाण्याने टकटक केली की जिथे चिकटलेलं आहे तिथे टणक आवाज येतो, सुटलेलं आहे तिथे पोकळ. या हूडवर उजव्या बाजूला साधारण ४० सेंटिमीटर पट्टा पोकळ बोलत होता. खडूने खूण करून गाडी दुरुस्तीच्या दुकानात दिली. म्हणजे कुठे काय सुटलंय हे त्यांना आयतं दाखवून दिलं.

अंदाजपत्रक ४२० डॉलरचं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच. दुसऱ्या दिवशी फोन: "हूड उघडलंय, ब्रेस आतून तुटलीय, असं सोडता येणार नाही." फोटो मागितला तर "पाठवतो" म्हणाले. तो आजतागायत येतोय. इकडे हूड निघालेलं, गाडी त्यांच्या ताब्यात, मग माणूस फोनवरच हो म्हणतो. मीही म्हणालो.

आता तो क्षण. गाडी घ्यायला गेलो, हूड उचललं आणि व्हिनेगरचा वास आला. अगदी सॅलडवर ओततात तसला. या गाड्यांचं काम कळणाऱ्या कोणालाही हा वास ओळखता यायला हवा: साधं सिलिकॉन सुकताना व्हिनेगरमधलंच आम्ल, म्हणजे अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं. जगातलं कुठलंही पॅनल चिकटवायचं अ‍ॅडहेसिव्ह असा वास मारत नाही. विचारलं, तर उत्तर आलं, "नवीन फास्ट-सेट अ‍ॅडहेसिव्ह आहे, दोन दिवसांत वास जाईल." आणि मला पटलं! माझ्या बाजूने एवढंच सांगतो, की ती थाप अगदीच बिनबुडाची नव्हती. मिथॅक्रिलेट जातीच्या अ‍ॅडहेसिव्हला खरंच उग्र वास असतो आणि त्यातली काही अर्ध्या तासात पकडतात. पण तो वास नेल सलूनमधला, गोडसर, नाकात चढणारा. व्हिनेगरचा नव्हे. दोन्ही वास ओळखीचे असून तिथे उभ्या उभ्या मामा बनलो.

बिल तर आणखी बोलकं होतं, पण ते वाचलं पैसे दिल्यावर. मजुरी ९ तास, तासाला ११०, म्हणजे ९९०. अ‍ॅडहेसिव्हची ३ कार्ट्रिज (नळकांडी), प्रत्येकी ५८, म्हणजे १७४. "पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट" (मॅट म्हणजे काचतंतूंचं कापड) १४६. "शॉप सप्लाइज" ६०. त्यातल्या मॅटच्या ओळीवरच थबकायला हवं होतं. १९७३ पासून कॉर्व्हेटची पॅनल्स एसएमसीची (शीट मोल्डिंग कंपाउंडची) बनू लागली, म्हणजे रेझिन आणि काचतंतूंचा तयार ताव साच्यात दाबून बनवलेली. त्या मालातच साच्याला न चिकटण्याचं द्रव्य मिसळलेलं असतं, त्यामुळे साधं पॉलिएस्टर रेझिन त्यावर नीट धरत नाही. १९७२ पर्यंतच्या गाड्यांवर चालतं. म्हणजे बिलात लिहिलेलं काम त्यांनी प्रामाणिकपणे केलं असतं, तरी ते सुटलंच असतं. खोटंसुद्धा धड लिहिता आलं नाही!

तीन आठवड्यांत खटखट परत. ब्रेस उचकटली तर आत सिलिकॉनचा रबरी लगदा, कुठेही सँडपेपर फिरल्याची खूण नाही, जुन्या गोंदाचे खवले तसेच. तुटलेली म्हणाले ती ब्रेस धडधाकट. हूडच्या वरच्या कातडीची, म्हणजे बाहेरच्या पॅनलची, जाडी जेमतेम ३ मिलीमीटर. खालून मारलेल्या सहापैकी दोन स्क्रूंची टोकं तिला टेकली होती आणि वर रंगाला चांदणीसारखे तडे गेले होते. त्यात सिलिकॉनचा अंश कुठेही राहिला, तर नवा रंग तिथे माशाच्या डोळ्यासारखा फाटतो.

हे काम खरं कसं होतं, ते ऐका आणि दुकानदाराला याच क्रमाने विचारा. बिजागऱ्यांच्या जागा मार्करने आखून दोघांनी मिळून हूड काढायचं आणि मऊ आधारांवर पालथं ठेवायचं, पीळ न देता. सिलिकॉन असेल तर आधी खरवडून काढायचं, मग सिलिकॉन रिमूव्हरने पुसायचं, दर वेळी नवं फडकं. सँडपेपर त्यानंतरच, नाहीतर तेच सिलिकॉन आपण आत घासतो. प्लास्टिकच्या पाचरीने फट जेमतेम उघडायची, हॅक्सॉचं पातं आणि ८० नंबरचा सँडपेपर आत घालून दोन्ही पृष्ठभाग मंद, चरचरीत होईपर्यंत घासायचे. मास्क आणि हातमोजे हवेतच. घासल्यावर सॉल्व्हंट लावू नका, उघडं एसएमसी तो शोषून घेतं. कोरडी हवा मारा.

एसएमसीला चालणारं टू-पार्ट (दोन भाग मिसळल्यावर सुकणारं) अ‍ॅडहेसिव्हच घ्या. नोझल (भाग मिसळणारं तोंड) लावण्याआधी दोन्ही भाग सारखे बाहेर येईपर्यंत दाबा आणि नोझल लावल्यावर पहिला बोटभर माल फेकून द्या, त्याचं मिश्रण विषम असतं. सांध्यात पाऊण मिलीमीटर थर उरला पाहिजे. इथेच बहुतेकांचं चुकतं: क्लॅम्प आवळून आवळून सगळा माल बाहेर काढतात, सांधा उपाशी राहतो आणि कातडीवर ब्रेसचा ठसा उमटतो. लाकडी पट्टी आणि हलका दाब पुरे. माल पकडायच्या आत हूड गाडीवर ठेवून फटी तपासा, कारण ज्या आकारात सुकेल तोच कायमचा. लवकर सुकावं म्हणून हीट लॅम्प नको. थंडीत मात्र माल सुकतच नाही, खोली २१ अंशांच्या आसपास ठेवा.

आता साहेबलोकांचं. पोलिसांनी दोन मिनिटांत हात वर केले: दिवाणी बाब. राज्याच्या ग्राहक तक्रार कार्यालयाने अकरा पानी फॉर्म भरून घेतला, बिलाच्या प्रती दोनदा मागितल्या आणि सात आठवड्यांनी एक पान पाठवलं: दुकानदार म्हणतो काम समाधानकारक झालं, तुमची सही आहे, फाइल बंद. सही होती, खरंय. गाडीची किल्ली मिळण्याआधी घेतलेली. फोटो पाहिले का, विचारलं. "फोटो तपासणं आमच्या कक्षेत येत नाही." मग कक्षेत काय येतं, फॉर्म? बँक फक्त कार्डावरच्या ३०० पुरतं ऐकणार, आणि तेही दुसऱ्या दुकानाचं लेखी मत आणलं तर. तीन दुकानांनी तोंडी शिव्या घातल्या, पण कागदावर एक अक्षर द्यायला कोणी तयार नाही. चौथ्याने १२५ डॉलर घेऊन दोन ओळी लिहिल्या. स्मॉल क्लेम्सच्या (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) अर्जाला ७५ वेगळे. चोर राहिला बाजूला, लुटला गेलेलाच पुरावे जमवत फिरतोय.

रोख का दिले? कार्डावर ३ टक्के जादा म्हणाले म्हणून. वाचले ३२ डॉलर १० सेंट.

फोनवर वाढीव कामाला हो म्हणू नका. फोटो आल्यावर, लेखी. गोंदाच्या कामात जुना पार्ट परत मागता येत नाही, म्हणून रिकामी कार्ट्रिज आणि वापरलेली नोझल मागा. तीन लावली म्हणतात ना, तीन दाखवा. हूडच्या पोटाला ताजा काळा रंग दिसला तर सही करू नका, आधी नाणं काढा. आणि नाक वापरा.

ब्रेस आता पक्की आहे. दोन कार्ट्रिज, ११६ डॉलर, एक शनिवार. वरच्या तड्यांचे पेंटरने ९४० सांगितलेत, आणि या हूडला सिलिकॉन लागलं होतं हे माझ्याकडून आधी लिहून घेतलंय.