लांडग्याच्या पंजांचं वर्कशॉप: पुढचे पाय एकदम भारी, मागचे घाईत उरकले

दोन रविवारचं चित्रकलेचं वर्कशॉप, फी १,८०० रुपये, कागद आणि चारकोल त्यांच्याकडूनच. मी चार-पाच वर्षं प्राणी काढतेय, चेहरा जमतो, अंगावरचे केस जमतात पण पंजे आले की गाडी अडायचीच, म्हणून फक्त पंजांवर दोन दिवस म्हटल्यावर लगेच नाव दिलं.

पहिला अर्धा तास सरांनी पेन्सिल हातात घेऊच दिली नाही. सगळ्यांना हात टेबलावर पालथा ठेवायला लावला आणि म्हणाले आता मनगट उचला, तळवा पण उचला, फक्त बोटं टेकलेली राहू देत. लांडगा असाच उभा असतो, बोटांवर! म्हणजे पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा समजतो ते त्याचं मनगट आणि मागच्या पायात तो उलटा वाकल्यासारखा सांधा दिसतो ना, ती टाच. हे मी वाचलेलं होतं पण खरं कळलं ते त्या दिवशी, स्वतःचा हात बघून.

मग हाडं. टेकणाऱ्या प्रत्येक बोटात तीन हाडं, आणि बोटाखालची गादी येते शेवटच्या दोन हाडांच्या सांध्याखाली, मोठी गादी बोटं जिथून सुरू होतात तिथे. मधली दोन बोटं पुढे, कडेची दोन मागे. नख शेवटच्या हाडातून निघतं आणि मांजरासारखं आत जात नाही, त्यामुळे आधी हाड काढायचं मग नख, केसांवर वरून चिकटवायचं नाही. माझे जुने पंजे मांजराचे का वाटायचे ते इथे समजलं, मी सगळी बोटं गोल गोल एका ओळीत काढत होते. पुढच्या पायाला आतल्या बाजूला वर एक पाचवं बोट असतं जे जमिनीला टेकत नाही, आणि मनगटामागे एक छोटी गादी, ती तर मी आजवर कधी काढलीच नव्हती.

आता तक्रार. मागच्या पायांना शेवटची वीस मिनिटं मिळाली, फक्त वीस! आणि जे चित्र आम्हाला वाटून दिलं त्यात मागच्या पायालाही ते वरचं पाचवं बोट दाखवलेलं. लांडग्याला मागे चारच बोटं असतात, वरचं बोट काही कुत्र्यांना असतं. अचूक शरीररचना शिकवतो म्हणून पैसे घेताय तर ही चूक चालणार नाही. मागचा पंजा पुढच्यापेक्षा लहान असतो हेही राहूनच गेलं.

दुसरं म्हणजे रेफरन्सचे सगळे फोटो बर्फातल्या, दाट केसांच्या लांडग्यांचे. अहो आपल्याकडे पुण्यापासून जवळ, सासवड आणि सुप्याच्या माळावर लांडगे आहेत! सडपातळ, उन्हाळ्यात तर केस अगदी आखूड, त्यामुळे पायाचे सांधे कितीतरी स्पष्ट दिसतात, शिकणाऱ्यासाठी याहून चांगला रेफरन्स कुठला? बर्फातल्या फोटोंमध्ये अर्धा पंजा केसांत नाहीतर बर्फात बुडालेला असतो, मग अंदाजानेच काढावं लागतं.

तरी जा, पहिल्या रविवारसाठी तरी नक्की जा, पाचपैकी साडेतीन स्टार. आणि सर, मागच्या पायांसाठी तिसरा रविवार ठेवा, मी परत फी भरून येते.