जुनं बाथरूम तोडताना: सांगलीच्या गावभागातल्या घरात आलेला मिस्त्रींचा अनुभव

गावभागातलं आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं. जाड विटांच्या भिंतींवर उभं आहे, कॉलम-बीम कुठेच नाही. बाथरूम म्हणजे मूळची मोरी. तिच्यात पुढे टाइल्स, गीझर, कमोड असं एकेक वाढत गेलं. स्वयंपाकघराच्या बाजूची भिंत कायम ओली. २०१९ च्या पुरात पाणी घरात आलं होतं, त्यामुळे जो तो कारागीर ‘पुराची ओल आहे, केमिकल मारू’ म्हणून दर सांगून जायचा.

शेजारच्या काकूंनी सुचवलेल्या मिस्त्रींनी दर सांगायच्या आधी भिंत नीट बघितली. म्हणाले, ‘वहिनी, पुराची ओल खालनं वर चढते. इथं नळाच्या उंचीला डाग जास्त आहे. लाइनच गळतीय.’ फोडल्यावर तसंच निघालं. जीआय पाइपाचा (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप) एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, कुजलेला होता आणि आत गंज साठून पाणी जायला बोटभरही वाट उरली नव्हती.

मला सगळ्यात आवडली ती त्यांची तोडायची पद्धत. आधी मेन व्हॉल्व्ह बंद केला, बाथरूमची वायर मेनपासून सोडवली. कमोड काढल्याबरोबर ड्रेनेजच्या तोंडात आणि नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतलं सांडपाणी जाण्याचं तोंड) गोणपाटाचे बोळे कोंबले. डबर, म्हणजे तोडफोडीचा मलबा, एकदा आत गेलं की नवीन फरशीखाली चोकअप कायमचा बसतो. ब्रेकर (फोडायचं मशीन) फक्त जमिनीला लावला. भिंतीच्या टाइल्स वरच्या ओळीपासून छन्नी-हातोड्याने उतरवल्या, कारण जुन्या चुन्यातल्या विटा हादऱ्याने सुटतात. प्लंबर भिंतीत आडवी लांब खाच मारायला निघाला तेव्हा मिस्त्रींनी त्याला थांबवलं. भार पेलणारी भिंत आहे, पाइप वरून आणून उभ्या खाचेतच उतरवायचे, यावर ते अडून बसले. पाइप थोडा जास्त लागला, पण भिंत शाबूत राहिली. घरात माणसं राहत असताना असं काम करणारा माणूस मिळणं फार मोलाचं आहे.

पुढचं कामही चोख. गरम पाण्याला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप) टाकला, खाचा बुजवण्याआधी पंपाने प्रेशर देऊन सगळे जोड तपासले. वॉटरप्रूफिंग आणि कोबा (टाइल्सखालचा सिमेंटचा थर) झाल्यावर ट्रॅप बंद करून पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि दोन दिवस पातळी बघितली. जमिनीला त्यांच्या सांगण्यावरून फूट बाय फूटच्या खरबरीत टाइल्स घेतल्या. लहान टाइलला उतार नीट मिळतो. सासूबाई आता धरायच्या दांडीला हात लावून एकट्या अंघोळीला जातात.

उणिवा दोन, आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगितल्या आहेत. डबर उचलणं दरात धरलेलं नव्हतं. आमच्या बोळात ट्रॅक्टर येत नाही, त्यामुळे पोत्यांतून बाहेर काढायची हमाली वेगळी द्यावी लागली. आणि प्लंबर त्यांचा स्वतःचा नाही. तो सांगितलेल्या दिवशी येईलच असं नसतं, तेवढा वेळ काम अडून राहतं.

जुन्या विटांच्या घरासाठी मी त्यांचं नाव बिनधास्त सुचवेन. फक्त डबर, हमाली आणि प्लंबरची मजुरी आधी कागदावर लिहून घ्या, आणि काम सुरू असताना दुसऱ्या संडासाची सोय बघून ठेवा.